हाक मारणाऱ्यांचा बंदोबस्त

12 एप्रिल 2025, शनिवार. देशभर यूपीआयचे व्यवहार अडकू लागले. खात्यातून पैसे गेले का नाही, हे देणाऱ्याला कळेना आणि आले का नाही, हे घेणाऱ्याला कळेना. 26 मार्चपासून सतरा-अठरा दिवसांत लागलेली ही किमान तिसरी ठेच होती. अशा वेळी आपला पहिला तर्क ठरलेला असतो, की लोड वाढला आणि सर्व्हर कमी पडले. पण यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने, म्हणजे मुंबईतल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, नंतर जे कारण शोधलं ते जरा वेगळं निघालं. यंत्रणा गुदमरली होती ती ‘मघाच्या व्यवहाराचं काय झालं?’ असं विचारणाऱ्या विनंत्यांनी. काही बँकांच्या सिस्टीम हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होत्या, तोही कधी कधी जुन्यापान्या व्यवहारांबद्दल. ज्या सेवेतून एक रुपयाही हलत नाही, जी फक्त चौकशीला उत्तर देते, तिच्यावरच्या माऱ्याने पैसे हलवणाऱ्या सेवांनाही जागा उरली नाही.

सेवाधारित सॉफ्टवेअरबद्दल शिकवताना सगळा भर सेवा ‘कशी बांधायची’ यावर असतो. मोठ्या कामाचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा स्वतंत्र सेवा म्हणून चालवावा, तिच्याशी बोलण्याचा एकच ठरलेला मार्ग, म्हणजे एपीआय, ठेवावा आणि आतलं काम बाहेरच्यांना दिसू देऊ नये. हे सगळं बरोबर आहे. पण अशा शेकडो सेवा एकमेकींना हाका मारू लागल्या, की कारभाराचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं उत्तर सेवेच्या मालकाकडे फार थोडं असतं. सेवा चालते की कोसळते, हे तिला हाक मारणारे किती वेळा मारतात, उत्तर आलं नाही तर काय करतात आणि तिच्यावर कितपत विसंबतात यावर ठरतं. म्हणून सेवांचा कारभार म्हणजे मुख्यतः हाक मारणाऱ्यांचा कारभार, असं माझं म्हणणं आहे. ते तपासायला यूपीआयइतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण, कारण इथे हाक मारणारे एका कंपनीच्या पगारावर नाहीत. साडेसहाशेहून अधिक बँका आणि त्यांच्या खांद्यावर उभी असलेली ॲप, सगळे आपापले मालक आहेत.

एक साधा व्यवहार जवळून पाहू. तुम्ही दुकानातला क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकता. ॲप स्वतः बँक नसतं. ते एखाद्या बँकेमार्फत यूपीआयशी जोडलेलं असतं आणि या बँकेला तिथल्या भाषेत पीएसपी बँक म्हणतात. तिच्याकडून विनंती एनपीसीआयच्या स्विचकडे जाते. स्विच घेणाऱ्याच्या बाजूच्या पीएसपीला पत्ता विचारतो, मग तुमच्या खात्याच्या बँकेला ‘पैसे वजा कर’ सांगतो, तिचा होकार आला की दुकानदाराच्या बँकेला ‘जमा कर’ सांगतो आणि शेवटी दोन्ही टोकांना निकाल कळवतो. म्हणजे चार वेगवेगळ्या संस्था आणि प्रत्येक टप्प्याला एक विनंती, एक उत्तर. चहाच्या दहा रुपयांमागे इतकी बोलाचाली असते. त्यातलं एक उत्तर वेळेत आलं नाही, तर बाकीच्यांनी काय समजायचं? पैसे वजा झाले, पण उत्तर वाटेत हरवलं, असंही असू शकतं. मग आंधळेपणाने पुन्हा ‘वजा कर’ म्हणण्यात धोका आहे. त्यासाठी प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून निकाल विचारण्याची सोय असते. 12 एप्रिलला बुडाली ती ही सोय. ती चैन म्हणून दिलेली नव्हती. अनिश्चिततेवरचा तो सभ्य उपाय होता, आणि म्हणून तिचा गैरवापर लवकर कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी आठवा. गाडी उशिरा आहे म्हणून शंभर माणसं दर दोन मिनिटांनी ‘आली का?’ विचारू लागली आणि आतला बाबूच गाड्यांची नोंदही करत असला, तर चौकशीमुळेच गाड्यांना उशीर होणार. संगणकांत हे जास्त वेगाने होतं, कारण विचारणाऱ्याला कंटाळा येत नाही. त्यात गुणाकाराची भर पडते. समजा, एका साखळीत तीन थर आहेत आणि उत्तर आलं नाही तर प्रत्येक थर आणखी तीनदा प्रयत्न करतो. प्रत्येक थराचे मूळ धरून चार प्रयत्न झाले, म्हणजे तळाच्या सेवेवर एका मूळ विनंतीपोटी 4 × 4 × 4, अशा चौसष्ट हाका येऊ शकतात. तिन्ही थर लिहिणाऱ्यांनी आपापल्या जागी शहाणपणाच केलेला असतो. एकदा अपयश आलं म्हणून हार मानू नये, असंच त्यांना शिकवलेलं असतं. तिघांचं शहाणपण एकत्र येऊन तळाची सेवा मरते. वाईट म्हणजे मूळ कारण, एखाद्या बँकेचा पाच मिनिटांचा अडथळा, दूर झाला तरी यंत्रणा सावरत नाही, कारण तोवर साचलेले पुनःप्रयत्नच तिला दाबून ठेवायला पुरेसे असतात. 2021 मध्ये संगणकशास्त्रज्ञांच्या एका गटाने अशा बिघाडांना ‘मेटास्टेबल’ असं नाव देऊन त्यांचा अभ्यास मांडला. बिघाडाला आता बाहेरच्या कारणाची गरज उरलेली नसते, तो स्वतःच स्वतःला पोसत असतो.

यानंतर एनपीसीआयने जी परिपत्रकं काढली ती या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. 26 एप्रिलच्या परिपत्रकात व्यवहार सुरू झाल्यावर निकालाची पहिली विचारणा 90 सेकंदांनंतरच करायची, अशी अट आली; एका व्यवहाराबद्दल जास्तीत जास्त तीनदा आणि शक्यतो दोन तासांच्या आत विचारायचं. काही ठरावीक त्रुटी-क्रमांक आले तर व्यवहार फसला असं धरून गप्प बसायचं, पुन्हा विचारायचं नाही. जूनपासून उत्तराची वाट पाहण्याची मुदतही कापली गेली. पैसे पाठवण्याच्या विनंतीला 30 सेकंदांऐवजी 15, निकालाच्या विचारणेला 30 ऐवजी 10. 21 मेच्या परिपत्रकाने ऑगस्टपासून बाकीच्या सेवांनाही मापं लावली. एका ॲपवरून एका ग्राहकाने दिवसात 50 वेळाच शिल्लक तपासायची, मोबाइल नंबरला जोडलेल्या खात्यांची यादी 25 वेळाच मागवायची. सकाळी 10 ते दुपारी 1 आणि संध्याकाळी 5 ते रात्री साडेनऊ हे गर्दीचे तास ठरले. या वेळात ग्राहकाने न मागता यंत्रांनी आपणहून मारलेल्या हाकांना आवर घालायचा आणि ऑटोपेचे हप्ते गर्दीबाहेर वसूल करायचे.

यातली मुदत कमी करण्याची तरतूद वरवर पाहता उलटी वाटते. बँक आधीच धापा टाकते आहे आणि तिला 15 सेकंदांत उत्तर दे म्हणायचं? हिशेब करून पाहा. ऑगस्ट 2025 मध्ये यूपीआयवर महिन्याला 2000 कोटींहून जास्त व्यवहार झाले. म्हणजे दिवसरात्रीची सरासरी सेकंदाला साडेसात हजारांच्या आसपास पडते. सगळ्या बँका एकदम गप्प झाल्या असं टोकाचं गृहीत धरलं, तर 30 सेकंदांच्या मुदतीत सव्वादोन लाख विनंत्या जागा अडवून ताटकळत राहतील आणि 15 सेकंदांच्या मुदतीत त्याच्या निम्म्या. ताटकळणारी प्रत्येक विनंती स्विचची आणि बँकेची थोडी स्मृती, एक जोडणी अडवून बसते. म्हणजे वाट पाहण्याची मुदत ही हाक मारणाऱ्याच्या संयमाची बाब दिसत असली, तरी तिच्यावर दुसऱ्याच्या यंत्राची जागा अडलेली असते. अशी मुदत ज्याने त्याने आपल्या मर्जीने ठरवून चालत नाही, आणि कारभार म्हणायचा तो इथून सुरू होतो.

21 मेच्या परिपत्रकातली मला सगळ्यांत शहाणी वाटलेली तरतूद मात्र मर्यादेची नाहीच. प्रत्येक यशस्वी व्यवहारानंतर खात्याच्या बँकेने शिल्लक रक्कम आपणहून कळवावी, असं त्यात आहे. लोक शिल्लक वारंवार का तपासतात? बहुतेकदा पैसे दिल्यानंतर किती उरले हे पाहायला. ते उत्तर विचारण्याआधीच दिलं तर हाकेचं कारणच संपतं. पन्नासची मर्यादा वर्तमानपत्रांत ठळक छापून आली, या तरतुदीला त्या मानाने कमी जागा मिळाली. कारभाऱ्याने आधी लोक हाक का मारतात हे पाहावं आणि मगच किती मारू द्यायच्या ते ठरवावं, हा क्रम इथे दिसतो.

हे सगळं काही भारतातच पहिल्यांदा सापडलं नाही. अ‍ॅमेझॉनमध्ये 2002 च्या सुमारास जेफ बेझोस यांनी फर्मान काढलं, की प्रत्येक टीमने आपली माहिती आणि आपलं काम केवळ सेवेच्या ठरलेल्या मार्गानेच दुसऱ्यांना द्यायचं. मागच्या दाराने कुणाच्या डेटाबेसमध्ये शिरायचं नाही. ही हकिगत जगाला कळली ती स्टीव्ह येगी या अभियंत्याच्या लेखामुळे. ते तोवर गूगलमध्ये गेले होते आणि 2011 मध्ये सहकाऱ्यांसाठी लिहिलेला मजकूर त्यांच्याकडून चुकून सार्वजनिक झाला. फर्मानाची गोष्ट लोक आवडीने सांगतात, पण त्यानंतर अ‍ॅमेझॉनला जे शिकावं लागलं त्याची यादी त्याहून मोलाची आहे. सेवा झाल्याबरोबर शेजारची प्रत्येक टीम हल्लेखोर ठरू शकते, आणि प्रत्येक सेवेत कोटा आणि वेगमर्यादा बसवल्याशिवाय गाडं पुढे सरकत नाही, हा त्यातला एक धडा. शेजारी वाईट नसतात. त्यांच्या एखाद्या लूपमध्ये चूक असते, एवढंच.

याच काळात बाकीचा उद्योग कुठे चालला होता, तेही पाहण्यासारखं आहे. 2000 मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा यांनी यूडीडीआय नावाची नोंदणीची पद्धत आणली. कुठली सेवा कोण देतं, तिचा पत्ता काय, याची जगासाठी एक जाहीर वही असावी, अशी कल्पना होती. मोठ्या कंपन्यांत त्याच धर्तीवर सेवांच्या नोंदवह्या झाल्या, मंजुरी देणाऱ्या समित्या बसल्या. जाहीर यूडीडीआय जानेवारी 2006 मध्ये बंद करावी लागली. तिच्या अपयशाची कारणं अनेक सांगता येतील, पण एक ठळक आहे. वहीत देणाऱ्याची माहिती होती, घेणाऱ्याची नव्हती. एखादी सेवा आज कोण वापरतं, दिवसाला किती वेळा, आणि ती उद्या बंद केली तर कुणाचं काय अडेल, हे त्या वहीतून कळत नसे. आणि कारभार करणाऱ्याला नेमकं तेच कळावं लागतं.

आता आक्षेप. सगळ्यांत सरळ आक्षेप असा, की एवढे नियम करण्यापेक्षा सर्व्हर वाढवा. क्लाउडच्या जमान्यात यंत्रं तासाच्या भाड्याने मिळतात, मग लोकांना शिल्लक मोजून का पाहायला लावायची? चौसष्टचा हिशेब याला उत्तर देतो. पुनःप्रयत्नांची वाढ गुणाकाराने होते, यंत्रांची वाढ बेरजेने. शिवाय एनपीसीआयने आपली यंत्रं दुप्पट केली, तरी प्रत्येक विनंती शेवटी कुठल्या तरी बँकेच्या मूळ प्रणालीवर जाऊन आदळते. ती प्रणाली यूपीआयच्या आधी कित्येक वर्षं बांधलेली असते आणि तिला एटीएम, शाखा, नेटबँकिंग हेही सांभाळायचं असतं. मधला नळ रुंद केला म्हणून टोकाचा रुंद होत नाही. जानेवारी 2020 पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही, हेही विसरायला नको. चौकशीला किंमत नाही म्हणून ती वाया घालवण्यातही कुणाचं काही जात नाही. किमतीने जे आवरता येत नाही ते कोट्याने आवरावं लागतं. कोटा मलाही फारसा आवडत नाही, पण दुसरा मार्ग दाखवणाऱ्याने पैसे कोण भरणार, हेही सांगायला हवं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. इतक्या सेवा केल्या म्हणूनच इतका कारभार लागतो, मग तुकडेच कमी करा. त्याच्या बाजूने पुरावाही आहे. 2023 मध्ये अ‍ॅमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओच्या एका टीमने लिहिलं, की चित्र आणि आवाजाचा दर्जा तपासणारी त्यांची प्रणाली सुट्या सेवांची होती. ते तुकडे एकाच प्रक्रियेत एकत्र केल्यावर खर्च 90 टक्क्यांहून अधिक उतरला. व्हिडिओच्या चौकटी एका सेवेकडून दुसरीकडे नेण्यातच बराचसा पैसा जात होता. हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. हाक मारणारी आणि हाकेला ओ देणारी टीम एकच असेल, दोन्हींचा कोड एकाच दिवशी बदलत असेल, तर मध्ये सेवेची भिंत घालण्यात काही मतलब नाही, आणि आपल्याकडच्या कित्येक लहान कंपन्यांनी केवळ फॅशन म्हणून अशा भिंती घातल्या आहेत. पण स्टेट बँक आणि एखादी सहकारी बँक यांचा कोड एका प्रक्रियेत कसा आणणार? जिथे मालक वेगळे, कायदेशीर जबाबदाऱ्या वेगळ्या, तिथे सीमा आधीपासूनच आहेत. सॉफ्टवेअर त्या फक्त दाखवतं.

मध्यवर्ती नियमांनी टीमचं स्वातंत्र्य जातं आणि काम मंदावतं, हा तिसरा आक्षेप. समित्यांच्या काळाबद्दल तो अगदी खरा आहे. एक फील्ड वाढवायला तीन महिने मंजुरीची वाट पाहणं, हा काही कारभार नव्हे. मात्र वर पाहिलेल्या नियमांचं स्वरूप लक्षात घ्या. बँकेने आतली प्रणाली कुठल्या भाषेत लिहावी, ॲपचा पडदा कसा असावा, याबद्दल त्यात चकार शब्द नाही. दुसऱ्याच्या दारात किती वेळा, किती वेळाने आणि किती वेळ उभं राहायचं, एवढंच त्यात आहे. गूगलने तर विसंबण्याचाही बंदोबस्त केला. त्यांची चबी नावाची एक अंतर्गत सेवा इतकी भरवशाची होती, की ती कधी बंद पडेल हे गृहीत धरणंच बाकीच्या टीमनी सोडून दिलं. त्यामुळे ती क्वचित अडखळली तरी भलत्याच सेवा कोसळायच्या. मग एखाद्या तिमाहीत ती आपणहून पुरेशी बंद पडली नाही, तर मुद्दाम काही वेळ बंद ठेवायची पद्धत त्यांनी सुरू केली. ठरवून दिलेल्या दर्जापेक्षा जास्त चांगली सेवा देणंही हाक मारणाऱ्यांना बिघडवतं, हे ऐकायला विचित्र आहे, पण पुरावा त्याच बाजूला आहे.

आपल्याकडे असं विसंबणं उघडं पडलं ते 5 मार्च 2020 च्या रात्री. रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध आणले आणि त्याबरोबर फोनपे ठप्प झालं, कारण यूपीआयशी बोलायला त्यांच्याकडे तीच एक पीएसपी बँक होती. ज्यांचा येस बँकेशी आयुष्यात संबंध आला नव्हता, अशा खातेदारांचेही व्यवहार त्या ॲपवर थांबले. आयसीआयसीआय बँकेशी घाईने जोडणी करून सेवा पुन्हा सुरू झाली. गूगल पे त्या वेळी एकाहून अधिक बँकांमार्फत चालत असल्याने त्यांना ती झळ पोचली नाही. दोन्ही ॲपचा पडदा, वेग, रंगरूप यांत ग्राहकाला हा फरक कधीच दिसला नसता.

नियम करणं सोपं, पाळवून घेणं अवघड, आणि इथे यूपीआयचा कारभार मला अर्धवट वाटतो. मर्यादांची अंमलबजावणी मुख्यतः बँकांवर सोपवली, त्यांच्याकडून 31 ऑगस्टपर्यंत हमीपत्र मागवलं, न पाळल्यास दंड, एपीआयवर निर्बंध किंवा नवे ग्राहक घेण्यावर बंदी येईल असं बजावलं. हाक मारणाऱ्यानेच स्वतःला आवरावं, ही त्यातली मुख्य अपेक्षा आहे. हमीपत्र लिहून देणारा अधिकारी वेगळा आणि रात्री दोन वाजता चुकीचा लूप सोडणारा प्रोग्रॅमर वेगळा. मोजणी जिथे आघात होतो तिथे, म्हणजे स्विचच्या दारातच, व्हायला हवी आणि मर्यादा ओलांडली की विनंती आत घेण्याआधी परतवली जायला हवी. त्यामानाने दोन जुने उपाय मला जास्त दमदार वाटतात. एनपीसीआय दरमहा मोठ्या बँकांची यादी प्रसिद्ध करते. त्यात बँकेच्या यंत्रणेमुळे फसलेले व्यवहार एका रकान्यात आणि चुकीचा पिन, अपुरी शिल्लक अशा कारणांनी फसलेले दुसऱ्या रकान्यात असतात. ही दोन रकान्यांची विभागणी फार मोलाची आहे, कारण ‘ग्राहकाची चूक’ म्हणून हात झटकायची सोयच उरत नाही. दुसरा उपाय रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकातला. एखाद्या व्यक्तीला पाठवलेले पैसे खात्यातून गेले, तिला मिळाले नाहीत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले नाहीत, तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची. सेवेच्या दर्जाला रुपयांत लावलेला हा भाव आहे.

सगळ्यांत कठीण असतं ते सेवा बंद करणं. सेवा मालक बंद करतो असं वाटतं, प्रत्यक्षात शेवटचा हाक मारणारा गेल्याशिवाय ती बंद होत नाही, आणि तो गेला हे कळायला कोण हाक मारतंय हे आधी माहीत असावं लागतं. 1 ऑगस्ट 2012 ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने आठ सर्व्हरांपैकी सातांवर नवा कोड चढवला, आठवा राहून गेला. त्याच्यावर 2003 पासून न वापरलेला एक जुना भाग तसाच होता आणि त्याला जागं करणारी जुनी खूणच नव्या कामासाठी पुन्हा वापरली होती. बाजार उघडला, ऑर्डरी आल्या, आठव्या सर्व्हरवरच्या मेलेल्या भागाने त्या आपल्या समजून घेतल्या. सुमारे 45 मिनिटांत कंपनीचं 46 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं.

यूपीआयमध्येही बंद करायला कठीण अशी एक सेवा होती, पैशाची मागणी पाठवण्याची. मित्राला ‘तुझ्याकडे पाचशे रुपये निघतात’ अशी विनंती पाठवायची, त्याने पिन टाकला की पैसे यायचे. 2016 मध्ये कल्पना म्हणून ती सुरेख होती. भामट्यांनी तिच्यातून ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असं सांगून लोकांना लुबाडायला सुरुवात केली. 2019 मध्ये व्यक्ती-व्यक्तींमधल्या मागणीवर 2,000 रुपयांची मर्यादा आली, पण सेवा चालूच राहिली, कारण तिचे प्रामाणिक वापरणारेही होते. अखेर जुलै 2025 च्या परिपत्रकाने 1 ऑक्टोबरपासून व्यक्ती-व्यक्तींमधली मागणी बंद करायला सांगितलं आणि सगळ्या बँका व ॲप यांना आपापल्या प्रणालीतून ती काढण्यासाठी दोन महिने दिले. दुकानदार आणि कंपन्यांकडून येणारी मागणी तेवढी त्या वेळी राहिली, कारण तिथे हाक मारणारा कोण आहे याची नोंद असते.